लहान होडीसाठी परवडणारा फिश फाइंडर : निवड, बसवणी आणि बॅटरीची सोय

फिश फाइंडर घेणारा माणूस बहुधा पडद्यावर मासे दिसावेत एवढ्याच अपेक्षेने पैसे मोजतो. लहान होडीवर मात्र या यंत्राचा सर्वांत भरवशाचा उपयोग तळ समजून घेण्यासाठी होतो. खाली खडप आहे की चिखल, खोली कुठे एकदम वाढते, जाळे कुठे अडकेल आणि गळ कुठे टाकावा, हे प्रश्न ज्याला सुटले त्याला मासा शोधणे पुष्कळ सोपे जाते. त्यामुळे खरेदी करताना तळ स्वच्छ दाखवणारे यंत्र निवडावे आणि मासे दाखवण्याच्या जाहिरातींना दुय्यम मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे मी कोकणच्या किनाऱ्यावर एक-दोन माणसे चालवतात त्या फायबरच्या होडीचा विचार केला आहे. तिला मागे लहान आउटबोर्ड इंजिन असते, इंजिन दोरी ओढून सुरू होते, होडीवर बॅटरी नसते आणि काम संपले की ती वाळूवर ओढून घेतली जाते. यांपैकी प्रत्येक गोष्टीचा यंत्राच्या निवडीवर परिणाम होतो.

यंत्राचे काम समजले की निवड सोपी होते. पाण्यात बुडवलेला सेन्सर, ज्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात, तो ध्वनीचा एक अत्यंत लहान ठोका खाली पाठवतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे ३० मीटर खोलीच्या तळाला आपटून परत यायला त्याला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. या वेळेवरून यंत्र खोली काढते आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून समोर काय आहे याचा अंदाज देते. ध्वनी एकाच बारीक रेषेत जात नाही, तो विजेरीच्या झोतासारखा पसरत जातो. किलोहर्ट्झ हे ध्वनीच्या वारंवारितेचे, म्हणजे सेकंदाला किती हजार कंपने होतात याचे माप. २०० किलोहर्ट्झच्या सेन्सरचा झोत साधारण १५ ते २० अंशांचा असतो, तर ७७ किंवा ८३ किलोहर्ट्झचा ४५ ते ६० अंशांचा. २० मीटर खोलीवर २० अंशांच्या झोताने तळावरचा सुमारे ७ मीटर व्यासाचा भाग व्यापला जातो आणि ६० अंशांच्या झोताने सुमारे २३ मीटर व्यासाचा. रुंद झोतात मासे जास्त दिसतात, पण ते नेमके होडीखाली आहेत की दहा मीटर बाजूला, हे कळत नाही, आणि लहान खडक आजूबाजूच्या तळात मिसळून जातो. अरुंद झोत थोडाच भाग पाहतो, पण जे पाहतो ते नेमके असते.

खोलीच्या दाव्यांना लहान होडीवाल्याने भुलू नये. अशा होडीचा वावर दोन-तीन मीटरच्या खाडीपासून फार तर तीस-चाळीस मीटरपर्यंत असतो आणि एवढ्या खोलीला २०० किलोहर्ट्झ आणि साधी शक्ती पुरेशी होते. वारंवारिता जितकी कमी तितका ध्वनी खोल जातो, पण बारकावा हरवतो. ५० किलोहर्ट्झचा महागडा सेन्सर खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या बोटींसाठी असतो. खाऱ्या पाण्यात ध्वनी जास्त शोषला जातो, हेही लक्षात ठेवावे. गार्मिन स्ट्रायकर ४ या लहान यंत्रासाठी कंपनी गोड्या पाण्यात सुमारे ४९० मीटर, तर खाऱ्या पाण्यात सुमारे २३० मीटर एवढी कमाल खोली सांगते. खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा गोड्या, शांत पाण्याचा असतो. शक्तीच्या आकड्यातही असाच फरक पडतो. काही विक्रेते आरएमएस वॅट, म्हणजे ठोक्याची सरासरी शक्ती सांगतात, काही पीक-टू-पीक वॅट, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत मोजलेली शक्ती, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या आठपट असतो. म्हणून २०० वॅट आरएमएस आणि १६०० वॅट पीक-टू-पीक ही एकच शक्ती आहे.

निवडताना ज्या एका शब्दासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत तो म्हणजे चर्प. साधे यंत्र एकाच वारंवारितेचा ठोका देते, तर चर्प यंत्र एका ठोक्यात वारंवारितांचा एक पट्टा चढत्या क्रमाने पाठवते. त्यामुळे जवळजवळ असलेले दोन मासे, किंवा तळाला लागून असलेला मासा आणि तळ, हे वेगळे दिसतात. तांबोशी किंवा गोबरा खडपाला चिकटून राहतो, त्यामुळे गळाने मासेमारी करणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालणारी, तळाचे छायाचित्रासारखे चित्र देणारी सोय आकर्षक असते आणि उथळ पाण्यात बुडालेली झाडे, जेट्टीचे खांब किंवा खडकांच्या कडा ती फार सुंदर दाखवते. परंतु गढूळ, गाळाने भरलेल्या खाडीत आणि हलत्या होडीवर तिचा फायदा कमी होतो. बजेट मर्यादित असेल तर ती सोय मी खरेदीच्या यादीत खाली ठेवीन.

पडद्याच्या बाबतीत इंचांपेक्षा उभ्या बिंदूंची संख्या पाहावी. ३० मीटरचे पाणी २७२ उभ्या बिंदूंवर दाखवले तर प्रत्येक बिंदूला सुमारे ११ सेंटिमीटर पाणी येते; तेच ४८० बिंदूंवर दाखवले तर सहा सेंटिमीटर. साडेतीन इंची उभ्या पडद्याचे ४८० बिंदूंचे यंत्र पाच इंची, पण कमी बिंदूंच्या आडव्या पडद्यापेक्षा म्हणूनच जास्त तपशील दाखवू शकते. उन्हात पडदा दिसतो का, हे दुकानातल्या सावलीत कळत नाही. यंत्र दाराबाहेर नेऊन, शक्य तर पोलरॉइड गॉगल लावून पाहावे, कारण काही पडदे अशा गॉगलमधून एका कोनात काळे दिसतात. पाण्यापासून संरक्षणासाठी किमान आयपीएक्स७ असावे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही यंत्र टिकते.

बाजारात तीन जातींची यंत्रे मिळतात. पाण्यावर तरंगणारा चेंडू आणि मोबाइलवर चित्र, ही पहिली जात. काठावरून किंवा धरणाच्या पाण्यात गळ टाकणाऱ्याला ती उपयोगी आहे, पण ओल्या हाताने, उन्हात, लाटांवर मोबाइल सांभाळणे कष्टाचे असते. दुसरी जात म्हणजे वायरला बांधलेला सेन्सर आणि काळ्या-पांढऱ्या किंवा लहान रंगीत पडद्याची हातात धरायची यंत्रे. ती खोली बरीच बरोबर दाखवतात, पण पडद्यावरची माशांची चित्रे हा यंत्राचा अंदाज असतो. तरंगणारी काडी, पाण्यातले बुडबुडे आणि प्लास्टिकची पिशवी यांनाही ते मासा म्हणते. तिसरी जात म्हणजे साडेतीन ते पाच इंची पडद्याची, चर्प आणि जीपीएस असलेली, नामवंत कंपन्यांची सर्वांत खालच्या पायरीवरची यंत्रे. समुद्रात कमाईसाठी जाणाऱ्याने थोडे थांबून, पैसे साठवून हीच घ्यावीत, असे मी आग्रहाने सांगेन. या यंत्रांत समुद्राचा नकाशा बहुधा नसतो, पण जागेची खूण साठवता येते आणि ती सोय फार मोलाची आहे. किनाऱ्यावरचे देऊळ आणि डोंगराचे टोक एका रेषेत आणून खडप शोधण्याची वडीलधाऱ्यांची पद्धत आजही खरी आहे, पण धुक्यात आणि रात्री त्या खुणा दिसत नाहीत. एकदा सापडलेला खडप यंत्रात साठवला की त्याच जागी परत येता येते. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मासे मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती मराठीतही देते. तिथे अक्षांश-रेखांश दिलेले असतात, आणि त्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठीही हेच जीपीएस कामी येते.

यंत्र चांगले आणि सेन्सर चुकीच्या जागी, असे असेल तर सगळा खर्च वाया जातो. सेन्सरच्या तोंडाखाली बुडबुडे आले की चित्र तुटते, आणि बुडबुडे इंजिनच्या पंख्याभोवती, तळाच्या पट्ट्यांमागे आणि पाणी घुसळणाऱ्या प्रत्येक कोपऱ्यात असतात. मागच्या फळीवर बसवायचा असेल तर पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर दूर बसवावा. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या नेहमीच्या पंख्याची पाती उजव्या बाजूला खाली जातात, आणि जिथे पाती खाली जातात तिथे बुडबुडे कमी येतात, म्हणून उजवी बाजू बरी. फायबरच्या होडीवर सेन्सरचे तोंड तळाच्या रेषेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली असावे. भोके पाडल्यावर त्यात समुद्री दर्जाचे सीलंट भरल्याशिवाय स्क्रू घट्ट करू नयेत, नाहीतर पाणी फायबरच्या आतल्या लाकडी फळीत शिरते आणि ती फळी आतून कुजते.

परंतु जी होडी रोज वाळूवर ओढली जाते तिच्या मागच्या फळीवरचा सेन्सर फार दिवस टिकत नाही. अशा होडीला दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे सेन्सर होडीच्या आतून तळाला चिकटवणे. तळ एकसंध फायबरचा असेल, मध्ये फोम किंवा प्लायवुड नसेल, तर ध्वनी त्यातून आरपार जातो. लाकडातून आणि फोममधून जात नाही. जागा ठरवण्यासाठी पाण्याने भरलेली प्लास्टिकची पातळ पिशवी आत तळावर ठेवून तिच्यात सेन्सर दाबून धरावा आणि त्याच जागी बाहेर बुडवलेल्या सेन्सरची खोली व चित्र जुळते का ते पाहावे. जुळले तर तो भाग खरवडून, स्वच्छ करून इपॉक्सीने सेन्सर बसवावा. इपॉक्सीत एकही हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, सिलिकॉन तर मुळीच वापरू नये. या पद्धतीत थोडी शक्ती कमी होते आणि पाण्याचे तापमान चुकीचे दिसते, पण उथळ किनारी पाण्यात ती उत्तम चालते.

दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे आणि लाकडी होडीला तर तोच योग्य: काठाला शिकंज्याने घट्ट केलेला, वर उचलता येणारा स्टेनलेस स्टीलचा नळ, ज्याच्या खालच्या टोकाला सेन्सर असतो. नळ एका बोल्टवर फिरणारा ठेवावा, म्हणजे वाळूवर येताना किंवा वेगाने जाताना तो वर करून बांधता येतो. सेन्सर पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर आणि होडीच्या तळापेक्षा खाली असावा, आणि तोंड बरोबर खाली पाहणारे असावे. तो तिरका राहिला तर पडद्यावर माशांच्या ज्या कमानी उमटतात त्या एका बाजूला ओढल्यासारख्या दिसतात आणि खोली थोडी जास्त येते. जाळे ज्या बाजूने ओढता त्याच्या विरुद्ध बाजूला नळ बसवावा. उलांडीच्या (तोल राखण्यासाठी बाजूला बांधलेल्या ओंडक्याच्या) होडीवर मात्र उलांडीच्या बाजूला जागाच नसते, तिथे जाळ्याशी मेळ घालूनच निर्णय घ्यावा लागतो. नळाला सुटी दोरी बांधून ती होडीला अडकवावी. चोषण कपावर सेन्सर लावू नये. खाऱ्या पाण्यात कप सुटतो आणि सेन्सर वायरवर लोंबत राहतो.

आता विजेचा प्रश्न, आणि नव्या माणसाचे यंत्र बहुतेक वेळा इथेच बिघडते. लहान आउटबोर्ड इंजिनमधून दिव्यासाठी वीज काढलेली असली तरी रेक्टिफायर-रेग्युलेटर, म्हणजे वीज एकदिश आणि ठरावीक दाबाची करणारा भाग, नसेल तर ती वीज एकदिश नसते आणि इंजिनचा वेग वाढला की तिचा दाबही (व्होल्टेज) वाढतो. फिश फाइंडर तिला कधीही थेट जोडू नये. अनेक लहान यंत्रे १० ते १७ व्होल्टच्या दरम्यान चालतात. नेमकी मर्यादा पुस्तिकेत पाहावी. वेगळी, लहान, फक्त या यंत्रासाठीची बॅटरी ठेवणे हाच सर्वांत निर्धोक आणि स्वस्त मार्ग आहे. इलेक्ट्रिक स्टार्टर असलेल्या होडीवरही हेच बरे, कारण इंजिन सुरू करताना दाब कोसळतो आणि यंत्र बंद पडते. शिवाय इंजिनच्या ठिणगीचा गोंगाट पडद्यावर पावसासारखा उमटतो.

किती मोठी बॅटरी लागेल याचा हिशेब सोपा आहे. चार-पाच इंची यंत्र पडद्याच्या उजेडानुसार साधारण पाव ते एक अँपिअर खाते. अर्धा अँपिअर धरला आणि होडी आठ तास बाहेर राहिली तर ४ अँपिअर-अवर लागतात. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते, म्हणून तिथे ४ ला दोनाने गुणून ८ ची बॅटरी लागते. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी कमी तासांच्या कामाला पुरेल; आणि शेतीच्या दुकानात फवारणी पंपासाठी मिळणारी १२ व्होल्ट ८ किंवा १२ अँपिअर-अवरची बॅटरी तर गावोगावी सहज मिळते आणि तिचा चार्जरही सोबत मिळतो. माझ्या मते कमी खर्चात सुरुवात करणाऱ्याने १२ ची हीच बॅटरी घ्यावी. दाब मोजायला साधा मल्टिमीटर ठेवावा: थोडा वेळ विश्रांती दिलेल्या बॅटरीवर १२.७ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. घरी आल्यावर त्याच दिवशी चार्ज करावी. उतरलेल्या अवस्थेत आठवडाभर ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी पूर्वीसारखी राहत नाही.

पैसे थोडे जास्त असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेटची चार सेलची, १२.८ व्होल्टची बॅटरी घ्यावी. तेवढ्याच क्षमतेच्या लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी वजनाची ही बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, त्यामुळे वरच्या हिशेबाला ६ अँपिअर-अवर पुरतात, आणि तिला कितीतरी जास्त वेळा चार्ज करता येते. पूर्ण भरताना तिचा दाब १४.६ व्होल्टपर्यंत जातो आणि तो बहुतेक यंत्रांना चालतो. मात्र तिचा चार्जर तिच्यासाठीचाच असावा. तिचा दाब शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो आणि नंतर आतले संरक्षक सर्किट एकदम वीज तोडते, त्यामुळे मल्टिमीटरवरून उरलेली वीज नीट कळत नाही. साध्या लिथियम-आयनच्या चार सेलच्या पॅकपासून सावध राहावे: तो पूर्ण भरला की १६.८ व्होल्ट देतो, म्हणजे काही यंत्रांच्या मर्यादेला टेकतो. पॉवर बँकेवर चालवण्याचा मोह होतो. पण १०,००० मिलीअँपिअर-अवर हा आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो, १२ व्होल्टवर त्याचे ३ अँपिअर-अवर होतात आणि दाब वाढवणाऱ्या सर्किटमध्ये आणखी वीज जाते. शिवाय स्वस्त सर्किट पडद्यावर गोंगाटही आणते. अनोळखी नावाच्या बॅटरीवर छापलेल्या क्षमतेवर विश्वास न ठेवता १२ व्होल्टचा ६ वॅटचा दिवा लावून पाहावे. तो अर्धा अँपिअर घेतो, म्हणून जितके तास चालेल त्याच्या अर्धे अँपिअर-अवर बॅटरीत आहेत. लेड-ॲसिडवर ही परीक्षा एकदाच करावी आणि लगेच चार्ज करावी.

जोडणीत फ्यूज टाळू नये. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत असावा आणि पुस्तिकेत दिलेल्या क्षमतेचा असावा. लहान यंत्रांना बहुधा ३ अँपिअरचा लागतो. वायर दीड चौरस मिलिमीटरची, शक्यतो कल्हई केलेल्या तांब्याची घ्यावी, कारण उघडे तांबे खाऱ्या हवेत हिरवे पडते आणि जोड गरम होऊ लागतो. पिळून चिकटपट्टी लावलेला जोड समुद्रावर चालत नाही. सोल्डर किंवा दाबलेला लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) करून त्यावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवावी आणि टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, पट्ट्याने बांधून, पेट्रोलच्या टाकीपासून दूर ठेवावी. लेड-ॲसिड असेल तर डबा हवाबंद करू नये, कारण चार्ज होताना थोडा वायू निघू शकतो. सेन्सरची वायर कधीही कापून लहान करू नये. उरलेली वायर मोकळ्या लांब घड्या घालून बांधावी आणि इंजिनच्या व वायरलेसच्या वायरींपासून लांब ठेवावी.

पहिल्या दिवशी यंत्र सुरू केल्यावर पाण्याचा प्रकार खारा ठेवावा. ध्वनीचा वेग गोड्या पाण्यात थोडा कमी असतो आणि चुकीच्या सेटिंगने ३० मीटरला सुमारे एक मीटरचा फरक पडतो. माशांची चित्रे बंद करून खरे प्रतिध्वनी पाहायची सवय लावावी. पडद्याच्या उजव्या कडेला आत्ताचे चित्र असते, डावीकडे होऊन गेलेले. होडी चालत असताना मासा कमानीसारखा दिसतो, कारण तो झोतात शिरताना लांब, मध्ये जवळ आणि बाहेर पडताना पुन्हा लांब असतो. थांबलेल्या होडीखाली तोच मासा लांबट रेघ काढतो, तेव्हा रेघेची लांबी माशाची लांबी नव्हे. खडपाचा तळ जाड आणि तेजस्वी दिसतो आणि दुप्पट खोलीवर त्याची दुसरी पुसट रेषाही येते; चिखलाची रेषा फिकट असते आणि दुसरी रेषा क्वचितच दिसते. माशाच्या प्रतिध्वनीचा मोठा भाग त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. घोळीच्या पोटातला बोत ही तीच पिशवी, म्हणून घोळ ठळक दिसते. सुरमई, मुशी आणि पाकट यांना अशी पिशवी नसते, ते फिके दिसतात. पडद्यावर मोठी कमान नाही म्हणून सुरमई नाही, असे समजू नये. उतरत्या खडपावर झोताच्या कडेला उंच भाग आधी लागतो, त्यामुळे खालच्या खळग्यातला मासा तळाच्या रेषेत बुडून जातो; तिथे अरुंद झोत, म्हणजे २०० किलोहर्ट्झ वापरावा.

संवेदनशीलता आपोआप ठेवून सुरुवात करावी आणि मग पाण्यात हलके ठिपके दिसू लागेपर्यंत ती हाताने वाढवावी, त्यानंतर एक पायरी कमी करावी. वावांच्या खुणा केलेली, शिशाचे वजन बांधलेली दोरी एकदा सोडून खोली पडताळून पाहावी. सेन्सर पाण्याखाली जितका असेल तेवढा फरक यंत्रात भरता येतो. पावसाळी बंदीत होडी वर घेतली की यंत्र, सेन्सर आणि कनेक्टर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे ठेवावेत. सेन्सरवर तांबे असलेला किंवा रासायनिक द्रावकात (थिनरमध्ये) बनवलेला रंग कधीही लावू नये. लेड-ॲसिड बॅटरी भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावावी. लिथियमची निम्मी भरून, वायर सोडवून, थंड जागी ठेवावी.